गेजवर ३० टक्के आणि यंत्र बंद: लिथियम सेल नेमका कोणता, हे कसं ओळखायचं

गोव्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस मासेमारीबंदी असते. बंदी उठली की मालिम जेटीवरून ट्रॉलर बाहेर पडतात आणि पहिली फेरी संपवून परतले की आमच्या म्हापशाच्या कार्यशाळेतला फोन वाजायला लागतो. आम्ही मासळीच्या खणातल्या बर्फाचं तापमान नोंदवणारी यंत्रं बनवतो. सेन्सर खणात, वर केबिनमध्ये मुठीएवढी डबी, डबीत दोन १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब असे गोल) समांतर जोडलेले. पडद्यावर तापमान आणि बॅटरीचे टक्के. हे टक्के काढणारी चिप म्हणजे गेज. तापमानाबद्दल आजवर कुणाची तक्रार नाही. टक्क्यांबद्दल मात्र लागोपाठ दोन हंगाम आली, आणि दोन्ही वेळा एकच.

"रे झिला, तीस टक्के दाखयता आणि गप्पकन मरता," मालवणचे एक तांडेल मामा म्हणाले. ते वाक्य मी तसंच्या तसं वहीत उतरवून ठेवलं. त्यांना वाटत होतं की अजून दोन दिवस पुरेल. यंत्र समुद्रात मधेच बंद पडलं, पुढची नोंद गेली, आणि बर्फ कधी वितळायला लागला ते कळलंच नाही. खणातल्या मालाची किंमत बघता ही तक्रार बारीक नव्हे.

पहिल्या वर्षी आम्ही चुकीच्या जागी शोधत बसलो. प्रवाह मोजणारा रेझिस्टर बदलला. खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडले होते, ते बदलले. गेजचं लर्निंग पुन्हा करून घेतलं. चार दिवस बरं चालायचं, मग पुन्हा तेच. खरं कारण दुसऱ्या वर्षी सापडलं: सेल एका प्रकारचे आणि गेजमध्ये भरलेला, व्होल्टेजवरून टक्के सांगणारा तक्ता दुसऱ्या प्रकारचा. हाच घोळ सौरदिव्यांत, जीपीएस ट्रॅकरमध्ये, घरी बनवलेल्या पॉवर बँकेतही होतो. म्हणून आम्ही आता जे करतो ते सगळं इथे लिहितो.

आधी लक्षण नीट बघा

टक्के चुकतात म्हणजे नेमके केव्हा चुकतात, हा पहिला प्रश्न. आमच्या परत आलेल्या एका यंत्राची नोंद उघडली तर त्यात एक ओळ होती जिच्यावर माझा विश्वासच बसेना. रात्री २ वाजता ३८ टक्के, आणि पावणेतीनला ६३. मधल्या वेळात चार्जर लावलेला नाही, ट्रॉलर खोल समुद्रात. चार्जिंग न करता टक्के वाढले.

गेज दोन रीतींनी हिशेब ठेवतं. सेल काम करत असतो तेव्हा किती प्रवाह बाहेर गेला ते मोजत जातं, किराणा दुकानदार उधारी मांडतो तसं. आणि सेल शांत असतो तेव्हा त्याचं व्होल्टेज बघून, आपल्याजवळच्या तक्त्यावरून, "इतक्या व्होल्टला इतके टक्के" असं म्हणून वही दुरुस्त करतं. आमचं यंत्र सरासरी ३० मिलिअँप घेतं आणि गेजमध्ये "सेल शांत आहे" असं मानण्याची मर्यादा ४० मिलिअँपवर होती. म्हणजे यंत्र चालू असतानाही गेज सेलला विश्रांतीत समजत होतं आणि तक्त्यावरून वही "दुरुस्त" करत होतं. तक्ता चुकीचा असल्यामुळे बरोबर हिशेब चुकीचा होत होता.

म्हणून शांत असताना आकडा उडी मारत असेल, तर संशय तक्त्यावर घ्या. मोठा लोड लागल्यावर आकडा कोसळत असेल आणि लोड काढल्यावर सावरत असेल, तर अंतर्गत रोधाचा तक्ता किंवा खराब जोड बघा. महिनोन्‌महिने थोडा थोडा सरकत असेल, तर प्रवाहाचं कॅलिब्रेशन किंवा नोंदलेली क्षमता. आणि कितीही चार्ज केलं तरी ९६-९७ वर अडकत असेल, तर ते वेगळंच प्रकरण. त्याबद्दल पुढे सांगतो.

"लिथियम आयन" म्हणजे काहीच सांगितलं नाही

सेलवर लिथियम आयन लिहिलेलं असतं, पाऊचवर लिथियम पॉलिमर. गेजच्या दृष्टीने दोन्ही शब्द निरुपयोगी आहेत. पॉलिमर हे तर बहुतेक वेळा फक्त मऊ पाकिटाचं नाव असतं. आत कोबाल्ट असू शकतो किंवा निकेल-मँगनीज-कोबाल्टचं मिश्रणही. १९९१ मध्ये सोनीने पहिला व्यापारी लिथियम आयन सेल आणला तो लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा होता. त्यानंतर कुटुंब फार वाढलं. आपल्या हाती येणारे मुख्य असे: लिथियम कोबाल्ट, म्हणजे एलसीओ, निकेल-मँगनीज-कोबाल्ट, म्हणजे एनएमसी, निकेल-कोबाल्ट-अॅल्युमिनियम, म्हणजे एनसीए, मँगनीज, म्हणजे एलएमओ, आणि लोह-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. पहिले चार साधारण ३.६ ते ३.७ व्होल्टचे, ४.२ ला भरणारे. एलएफपी ३.२ व्होल्टचा, ३.६५ ला भरणारा. टायटेनेट एनोडचा, म्हणजे ऋण बाजूला टायटेनेट असलेला, एलटीओ यांच्यापेक्षा निराळा, जेमतेम २.४ व्होल्टचा.

पण एवढं ओळखूनही काम भागत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांची गाडी इथेच अडते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या (टीआयच्या) गेजमध्ये जो केम आयडी भरायचा असतो तो "कोबाल्ट" किंवा "एनएमसी" अशा जातीचा क्रमांक नसतो. तो एका ठरावीक सेलच्या वळणाचा क्रमांक असतो: किती रिकामा झाल्यावर शांत व्होल्टेज किती, तापमानाने ते किती सरकतं, रोध कसा बदलतो. असे आयडी शेकडो आहेत. दोन कंपन्यांचे एनएमसी सेल एकाच आयडीत बसतीलच असं नाही. निकेलचं प्रमाण बदललं की वळण बदलतं. हल्लीच्या जास्त क्षमतेच्या सेलमध्ये ग्रॅफाइटबरोबर थोडं सिलिकॉन घालतात, त्याने वळणाचं खालचं टोक बदलतं. जात एक असली तरी चेहरा निराळा.

आणि हे गेज वापरातून पुष्कळ शिकतं, पण व्होल्टेजचा तक्ता शिकत नाही. क्षमता शिकेल, रोध शिकेल. तक्ता आपण भरू तोच. पहिल्या वर्षी आम्ही पुन्हा पुन्हा लर्निंग करत बसलो त्याचा उपयोग का झाला नाही, ते मला हे कळल्यावर उमगलं. उलट चुकीच्या तक्त्यावरून गेज क्षमताही चुकीची शिकतं, कारण दोन शांत व्होल्टेजमधला फरक किती टक्क्यांचा, हे ते त्याच तक्त्यात बघतं.

लेबलवरून काय कळतं

कळतं, पण त्यावर विसंबू नका. १८६५० च्या वेष्टनावर आयसीआर, आयएनआर, आयएमआर, आयएफआर अशी अक्षरं असतात. ही पद्धत आयईसी ६१९६० या मानकातली आहे. पहिलं अक्षर 'आय' म्हणजे लिथियम आयन, कार्बनचा एनोड. दुसरं धन बाजूचं: 'सी' कोबाल्ट, 'एन' निकेल, 'एम' मँगनीज, 'एफ' लोह. तिसरं आकाराचं: 'आर' गोल, 'पी' चपटा. पाऊचवर १०३४५० असा आकडा असतो तो फक्त मापाचा: १० मिलिमीटर जाडी, ३४ रुंदी, ५० लांबी. रसायनाशी त्याचा संबंध नाही.

मोबाइलच्या बॅटरीवर "कमाल चार्ज व्होल्टेज" वेगळं छापलेलं असतं, ते जरूर वाचा. ३.८ व्होल्ट आणि ४.३५ लिहिलं असेल किंवा ३.८५ आणि ४.४, तर तो उच्च व्होल्टेजचा कोबाल्ट सेल आहे. असा सेल ४.२ च्या तक्त्यावर चालवला की वरचे टक्के सगळे बिघडतात. ४.२ आणि ४.३५ यांतला फरक घरी तपासायला म्हणून सेल ४.३५ पर्यंत चढवून बघू नका. लेबल किंवा डेटाशीट (बनवणाऱ्याचं माहितीपत्रक) नसेल तर तो ४.२ चाच समजा. क्षमता दहा-पंधरा टक्के कमी मिळेल, पण धोका टळेल.

आमच्या दुसऱ्या लॉटवर आयएनआर लिहिलं होतं. पहिल्या लॉटवरही तेच. निळं वेष्टन तेच, २६०० मिलिअँप-तास तेच, बिलावरचं वर्णनही शब्दशः तेच. आतला सेल मात्र कोबाल्टचा निघाला. वेष्टन म्हणजे शेवटी प्लास्टिकची नळी. हेअर ड्रायरची ऊब लागली की आकसून चिकटते. नवं नाव चढवायला दोन मिनिटं पुरतात. १८६५० वर ९९०० मिलिअँप-तास छापलेले सेल बाजारात मिळतात ते असेच नवं वेष्टन चढवलेले असतात. या आकारात चांगल्यातला चांगला सेलही त्याच्या निम्म्यापर्यंत पोचत नाही.

३.६ व्होल्टची चाचणी

अनोळखी सेल हाती आला की पहिली भीती ही, की तो एलएफपी असेल आणि आपण त्याला ४.२ ला चढवू. म्हणून सुरुवात खालून करा. सेल वाळूच्या तसराळ्यात ठेवा, लाकडी किंवा धातूच्या टेबलावर नको. अगोदरच व्होल्टेज २ च्या खाली गेलेला साधा सेल जिवंत करण्याच्या फंदात पडू नका, तो बाजूला काढा. लेबलवर २.४ व्होल्ट असेल तर तो एलटीओ, ही चाचणी त्याच्यासाठी नाही.

बाकीच्यांना हलक्या लोडवर ३.० व्होल्टपर्यंत रिकामं करा. मग पॉवर सप्लाय ३.६० व्होल्टवर आणि प्रवाहाची मर्यादा ५०० मिलिअँपवर लावून चार्ज करा. प्रवाह ५० मिलिअँपपर्यंत उतरला की थांबा. आता पुन्हा ३.० पर्यंत रिकामं करा आणि किती मिलिअँप-तास बाहेर आले ते मोजा.

एलएफपी असेल तर जवळजवळ पूर्ण क्षमता मिळते, कारण त्याच्यासाठी ३.६ म्हणजे भरलेलं पोट. एनएमसी साधारण पंचवीस ते चाळीस टक्के देतो. कोबाल्ट दहा टक्केही देत नाही. क्षमतेच्या लेबलवरच भरवसा नसेल तर आणखी एक खूण: ३.६ ला चार्ज करून काढलेला एलएफपी काही तासांत ३.३५ च्या आसपास उतरून बसतो. इतर प्रकार ३.६ च्या जवळच राहतात.

एलएफपी निघाला तर गेजच्या बाबतीत एक जास्तीची अडचण लक्षात घ्या. त्याचं वळण मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, ३.२ ते ३.३ व्होल्टमध्ये. तिथे १० मिलिव्होल्टच्या चुकीने टक्क्यांत दोन आकडी फरक पडतो. गेज अशा सपाट पट्ट्यात व्होल्टेजवरून क्षमता शिकायचं टाळतं, आणि ते बरोबरच आहे. त्याला अधूनमधून पूर्ण भरून पूर्ण रिकामं करावं लागतं, नाहीतर वही कधीच जुळत नाही.

अर्ध्यावर थांबून बघणं

एनएमसी की कोबाल्ट, हा निकाल लावायला मला ही चाचणी सगळ्यांत आवडते, कारण चार्जर, लोड आणि मल्टीमीटर सोडून काही लागत नाही. सेल ४.२ पर्यंत पूर्ण भरा, एकदा पूर्ण रिकामा करून खरी क्षमता मोजा, परत भरा, आणि बरोबर अर्धी क्षमता काढून घ्या. मग सगळ्या तारा सोडवा आणि तीन-चार तास हात लावू नका. एनएमसी ३.६५ ते ३.७ च्या दरम्यान स्थिरावतो. कोबाल्ट ३.८ च्या आसपास.

आमच्या लॉटचा पहिला सेल असा ठेवला तेव्हा रात्रीचे ९ वाजले होते. लेबलवर आयएनआर, म्हणून ३.६८ येईल असं धरून बसलो होतो. मीटरवर ३.८१ आलं. प्रोब पुसले, मीटर बदलला. ३.८१. दुसरा सेल, ३.८२. दोन हंगामांच्या तक्रारींचं उत्तर समोर होतं. आमच्या मोजणीत ३.७५ व्होल्टला पहिल्या लॉटचा एनएमसी साठीच्या आसपास असतो आणि हा कोबाल्ट तिशीच्या खाली. गेज एनएमसीचा तक्ता वाचून साठ सांगणार, आणि सेलमध्ये तीससुद्धा नसणार. शिवाय कोबाल्ट शेवटच्या दहा टक्क्यांत उतारावरून सुटल्यासारखा खाली येतो, गेजला सावरायला वेळच मिळत नाही. मामांचं "गप्पकन" ते हेच.

खरा आयडी काढायचा तर पूर्ण लॉग लागतो

वरच्या चाचण्यांनी जात कळते. नेमका आयडी त्यांतून मिळत नाही. आधी टीआयच्या बॅटरी मॅनेजमेंट स्टुडिओतली यादी बघा. तिथे आयडीसमोर सेल बनवणाऱ्याचं नाव आणि मॉडेल असतं. सेल खात्रीच्या वितरकाकडून, डेटाशीटसह घेतला असेल आणि यादीत असेल तर काम झालं. नसेल, किंवा वेष्टनावर विश्वास नसेल, तर जीपीसीकेम हे त्यांचं मोफत ऑनलाइन साधन वापरा. आपण मोजलेलं वळण ते आपल्या संग्रहाशी ताडून बघतं आणि सर्वांत जवळचा आयडी सांगतं.

त्यासाठीचा क्रम असा. सेल पूर्ण भरा. २ तास विश्रांती. मग क्षमतेच्या पाचव्या हिश्शाच्या प्रवाहाने रिकामा करा. आमच्या ५२०० मिलिअँप-तासांच्या जोडीला १ अँपियर. शेवटचं व्होल्टेज डेटाशीटप्रमाणे, आम्ही ३.० घेतो. मग ५ तास विश्रांती. सुरुवातीच्या विश्रांतीपासून शेवटच्या विश्रांतीपर्यंत सगळा वेळ दर काही सेकंदांनी चार गोष्टी नोंदवायच्या: वेळ, व्होल्टेज, प्रवाह, तापमान. ती फाइल आणि कोणत्या रकान्यात काय आहे हे सांगणारी छोटी मजकूर फाइल एकत्र झिप करून चढवायची. अहवाल येतो. सर्वांत जवळच्या आयडीची जास्तीत जास्त चूक ३ टक्क्यांच्या आत असेल तर तो आयडी घ्या. त्याहून जास्त असेल तर आधी आपल्या मोजणीकडे बघा. दहातल्या नऊ वेळा खोट तिथे असते.

आमच्या खोटी सांगतो. पहिल्या लॉगमध्ये विश्रांती विश्रांतीच नव्हती: बोर्ड सेलला जोडलेलाच राहिला होता आणि ३० मिलिअँप ओढत होता. विश्रांतीत सेलवर काही नको, चार्जरसुद्धा नको. दुसरा लॉग जुलैतल्या पावसात वीज गेल्यामुळे तुटला. तिसऱ्यात लॅपटॉप झोपी गेला आणि पाच तासांतले तीन कोरे राहिले. आता लॅपटॉपची झोप बंद करतो आणि सगळं यूपीएसवर ठेवतो. तापमानाचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका, सेलच्या अंगाला कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) चिकटवा. खोलीही एकसारखी हवी. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली केलेला लॉग आणि रात्री एसीत केलेला लॉग यांत फरक पडतो.

आणि व्होल्टेजचं कॅलिब्रेशन आधी करा. गेजचा आकडा आणि चांगल्या मल्टीमीटरचा आकडा एक-दोन मिलिव्होल्टमध्ये जुळायला हवेत. सगळी तुलना व्होल्टेजच्या वळणावर चालते, तिथे दहा मिलिव्होल्ट चुकले तर साधन प्रामाणिकपणे चुकीचा आयडी देईल.

पाच तास कशाला, असं माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने विचारलं होतं. मी तिला मीटरसमोर बसवलं. १ अँपियरचा लोड काढला तेव्हा ३.०० होतं. मिनिटाभरात ३.१८. दहा मिनिटांनी ३.२७. मग इतकं हळू, की ती नजर वळवायची आणि शेवटचा आकडा बदललेला असायचा. दोन तासांनीही तो थांबला नव्हता. जिथे थांबतो तेच खरं व्होल्टेज, आणि तक्ता त्याचाच बनतो.

आयडी भरल्यानंतर

आम्ही टीआयचं बीक्यू३४झेड१०० हे गेज वापरतो, त्यात आयडी पुन्हा लिहिता येतो. आयडी सर्वांत आधी लिहा, नंतर डिझाइन क्षमता, बंद होण्याचं व्होल्टेज आणि बाकीचं. मग लर्निंग: पूर्ण रिकामा, विश्रांती, पूर्ण भरणं, विश्रांती, पुन्हा पूर्ण रिकामा, विश्रांती. अपडेट स्टेटसचा आकडा ०४ वरून ०५ आणि शेवटी ०६ झाला म्हणजे क्षमता आणि रोध दोन्ही शिकून झाले. ती नोंद फाइल म्हणून काढून घ्या. त्याच लॉटच्या बाकी बोर्डांत तीच भरायची, प्रत्येक बोर्ड शिकवत बसावं लागत नाही.

०६ पर्यंत पोचत नसेल तर तापमान बघा. क्षमतेची दुरुस्ती गेज १० ते ४० अंशांच्या दरम्यानच करतं. ट्रॉलरच्या केबिनमध्ये काचेजवळ ठेवलेल्या आमच्या डबीत एप्रिलमध्ये ४६ अंश नोंदले गेले होते. अशा जागी गेज महिनोन्‌महिने काही शिकणार नाही. डबीची जागा बदलली.

९६-९७ वर अडकण्याचं कारण बहुधा रसायन नसतंच. चार्जर ज्या प्रवाहाला थांबतो त्याहून गेजमधला टेपर करंट, म्हणजे ज्या प्रवाहाला गेज सेल भरला असं मानतं तो, मोठा हवा. आमचा चार्जर १०० मिलिअँपवर थांबायचा आणि गेज ८० ची वाट बघत बसायचं, ते कधी येणारच नव्हतं. गेजमध्ये १५० केल्यावर प्रश्न मिटला.

तुमच्या बोर्डवर बीक्यू२७४४१ हे गेज असेल तर आयडी बदलता येत नाही, तो चिपमध्येच कोरलेला आहे: जी१ए मध्ये ०१२८, ४.२ व्होल्टच्या सेलसाठी. जी१बी मध्ये ०३१२, ४.३५ साठी. बीक्यू२७४२६ मध्ये ४.२, ४.३५ आणि ४.४ असे तीन पर्याय निवडता येतात. अशा चिपवर चिपला जुळणारा सेल शोधणं हाच मार्ग. एलएफपी या दोन्हींवर लावू नका. मॅक्स१७०४८ सारख्या गेजमध्ये प्रवाह मोजणारा रेझिस्टरच नसतो, सगळा हिशेब व्होल्टेजच्या मॉडेलवर चालतो, म्हणून तिथे सेल चुकला तर सावरून घ्यायला दुसरं काही उरत नाही.

बंदीच्या काळात यंत्रं किनाऱ्यावर पडून असतात, त्याबद्दलही सांगतो. पूर्वी ती ३१ मेला जशी होती तशी कपाटात जायची. काही रिकामी, काही पूर्ण भरलेली. रिकामी जुलैअखेर मरून पडायची, भरलेली लवकर म्हातारी व्हायची. आता तांडेलांना सांगतो, निम्म्यावर आणा आणि बॅटरीचा कनेक्टर काढून ठेवा. पहिल्या फेरीआधी एकदा पूर्ण भरा.

या वर्षीचा लॉट जूनमध्ये आला. त्यातले दहा सेल कुठूनही उचलून अर्ध्यावर थांबवून बघितले. आठांवर ३.८१, ३.८२. दोनांवर ३.६७. एकाच खोक्यात दोन जाती. लॉट परत केला, दुसऱ्या वितरकाकडून डेटाशीटसह घेतला, त्यातलेही दहा तपासले, एकाचा पूर्ण लॉग काढला. जवळच्या आयडीची चूक १.६ टक्के आली. तोच भरला, आणि बोर्डवर लॉटचा क्रमांक मार्करने लिहिला, म्हणजे उद्या सेल बदलताना कुठला आयडी आहे ते शोधावं लागणार नाही.

पहिल्या फेरीहून मामा सातव्या दिवशी सकाळी परतले आणि जेटीवरूनच फोन केला. "बारा टक्के दाखयता. चार्जिंगाक लावू काय?"

"आज लावू नका मामा, मरू द्या," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी डबी आणून नोंद वाचली. रात्री १ वाजून १० मिनिटांनी बंद, शेवटचा आकडा २ टक्के.